जलप्रलयाचा कालनिर्णय

(माहीम येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. आणि तो नेमण्यास तसेच कारण घडले आहे. आपल्या ज्ञातीचा इतिहास नव्याने पुस्तकरूपाने सिद्ध करण्याचे काम सध्या चालू आहे. त्या पुस्तकाचा आरंभ कोठून करावा, याविषयी आपल्यांत दोन मते पडली आहेत. काही तरुण मंडळींचे म्हणणे असे की, खंबायतच्या आखाताच्या तळाशी साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे बुडालेले नगर सापडले आहे. ते आखात आपल्या किनाऱ्याच्या उत्तरेस फार दूर नाही. तेव्हा जलप्रलयापुढे त्या नगरातून निघून आलेले लोक तेच आपले आदिपुरुष, असे पहिल्या प्रकरणात निःशंकपणे लिहावे. याउलट जुन्या मंडळींचा आग्रह असा की, बखरीच्या पलीकडील गोष्टींस हातच लावू नये. ते सारे तर्काचे खेळ आहेत.

आम्हांस ही दोन्ही मते पुरती पटत नाहीत. ती का पटत नाहीत हे सांगावयाचे, तर शास्त्रज्ञ अशा प्राचीन प्रलयाचा काळ कसा ठरवितात व त्यांच्यांत वाद कोठे होतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. पुस्तक छापून झाले म्हणजे ते आपल्या नातवंडांच्या हाती पडणार आहे. त्यांनी उद्या त्यातील पहिलेच पान खोटे ठरलेले पाहू नये, एवढीच आमची इच्छा.

बखरीपासून मिळणारा धडा

कालनिर्णयाचा प्रश्न आपल्या घरांस अगदीच परका नाही. महिकावतीची बखर आपल्यांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. तिच्या आरंभीच्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी दाखवून दिले की, ही बखर एका हातची नव्हे व एका काळचीही नव्हे. तिचा महत्त्वाचा भाग केशवाचार्यांनी शके १३७० च्या सुमारास रचला. इतर भाग निराळ्या काळी, निराळ्या हातांनी जोडले गेले. तीत बिंबाच्या आगमनाचा शक १०६० दिला आहे, म्हणजे तो सांगणारा लेखक त्या घटनेनंतर तीनशे वर्षांनी सांगत आहे. आता कोणी एका प्रकरणातील शक उचलून तोच साऱ्या बखरीस चिकटवू लागला, तर आपण त्यास थांबवू. म्हणू की, हा शक या प्रकरणाचा, ग्रंथाचा नव्हे. सागरतळाच्या बाबतीतही हाच विवेक लागतो. एका वस्तूचे वय कळले म्हणजे तिच्या शेजारी पडलेल्या सर्व वस्तूंचे वय कळले, असे होत नाही. शास्त्रज्ञांचा पुष्कळसा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

ज्याविषयी वाद नाही ते

प्रथम निर्विवाद भाग सांगतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. पृथ्वीवरील अफाट पाणी उत्तरेकडील खंडांवर बर्फाच्या रूपाने साचले होते, आणि सागराची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपल्या मुंबई-पालघरसमोरचा उथळ सागरतळ सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे; भारताच्या किनाऱ्यावर इतका रुंद उथळ तळ क्वचितच आढळेल. तो त्या काळी बहुतेक सारा कोरडा होता. जेथे आज आपल्या भागातील नौका मासेमारीस जातात, तेथे नद्या वाहत होत्या, झाडे होती, जनावरे होती. मनुष्यही या भागात होता. के. आर. यू. टॉड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कांदिवली व आसपासच्या भागांतून जमविलेली दगडी हत्यारे त्याची साक्ष देतात.

पुढे बर्फ वितळले आणि दर्या चढू लागला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील हाशिमी, निगम व नायर आणि त्यांच्यासह राजगोपालन यांनी १९९५ साली पश्चिम किनाऱ्यासमोरील या चढाईचा आलेख मांडला. त्यानुसार सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा १०० मीटर खाली होते. मध्यंतरी काही काळ ते जवळजवळ स्थिर राहिले. आणि दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात ते हजार वर्षांस सुमारे वीस मीटर या वेगाने वर आले. त्यानंतर आजच्या पातळीच्या आसपास थोडेफार खालीवर होत राहिले. आपला किनारा बुडाला, हे यावरून निश्चित. वाद उरतो तो दोन गोष्टींचा: अमुक एक भूमी नेमकी केव्हा बुडाली, आणि ती एकाएकी बुडाली की हळूहळू.

काळ मोजण्याचे साधन

तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे १९६९ पासून अणू हा शब्द आपल्या घरांत रुळला आहे. काळ मोजण्याचे साधनही अणूंतूनच मिळते. प्रत्येक सजीवाच्या देहात किरणोत्सर्गी कार्बनाचा अल्प अंश असतो. जीव जगतो तोवर त्याची भर पडत राहते; मरण आले की भर थांबते आणि सुमारे ५,७३० वर्षांत तो अंश निम्मा होतो. उरलेला अंश मोजला की मरणाचा काळ कळतो. ही युक्ती अमेरिकेतील विलार्ड लिबी यांनी शोधली व तीबद्दल त्यांस १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच दशकात अशी प्रयोगशाळा सुरू झाली.

परंतु या घड्याळाच्याही काही खोडी आहेत. हवेतील त्या कार्बनाचे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते. त्यामुळे कार्बनाची वर्षे व पंचांगाची वर्षे जुळत नाहीत, आणि झाडांच्या वाढीच्या वर्तुळांवरून त्यांचा मेळ घालावा लागतो. याचे ठळक उदाहरण आपल्याच देशातील आहे. डी. पी. अग्रवाल यांनी १९६४ साली कार्बनाच्या आधारे हडप्पा संस्कृतीचा काळ इ. स. पू. २३०० ते १७५० असा दिला. पुढे वर्षांचा मेळ घातल्यावर तोच बहराचा काळ इ. स. पू. २६०० ते १९०० असा मानला जाऊ लागला. मोजणी चुकलेली नव्हती. वर्षांचे माप निराळे होते. दुसरी खोड शिंपल्यांची. खोल पाण्यातून वर येणारा कार्बन जुना असतो. त्या पाण्यात वाढलेला शिंपला आपल्या खऱ्या वयापेक्षा शेकडो वर्षांनी म्हातारा दिसतो. ती वजाबाकी किती करावी, यावर तज्ज्ञांचे एकमत नेहमी होतेच असे नाही. या दोन खोडी ध्यानी ठेवल्या म्हणजे पुढील वाद समजण्यास सोपे जातात.

काळ्या समुद्राचा वाद

प्राचीन प्रलयाच्या काळाविषयी अलीकडे सर्वांत गाजलेला वाद काळ्या समुद्राचा होय. १९९७ साली विल्यम रायन, वॉल्टर पिटमन व त्यांचे सहकारी यांनी असे मांडले की, हिमयुगानंतर काळा समुद्र हे खाली उतरलेले गोड्या पाण्याचे सरोवर होते. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडील पाणी बॉस्पोरसची चिंचोळी वाट फोडून आत कोसळले आणि काठची विस्तीर्ण भूमी थोड्याच काळात बुडाली. आधार काय, तर निरनिराळ्या खोलींवर सापडलेल्या पहिल्या खाऱ्या पाण्यातील शिंपल्यांचे वय जवळजवळ सारखेच निघाले. पाणी सावकाश चढते, तर खालचे शिंपले जुने व वरचे नवे निघाले असते. बायबलातील नोहाच्या कथेशी याचा संबंध जोडला गेल्यामुळे जगभर गवगवा झाला.

पुढे २००३ साली रायन यांनी स्वतःच खारे पाणी आत येण्याचा काळ हजाराहून अधिक वर्षांनी मागे नेला. अली अक्सू व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्मारा समुद्राच्या बाजूस साचलेला गाळ दाखवून म्हटले की, पाणी तर त्या काळी काळ्या समुद्रातून बाहेर वाहत होते. कोसळणारा प्रलय झालाच नाही. २००९ साली लिव्हियू जोसान व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॅन्यूबच्या मुखाजवळील गाळ तपासून असा अंदाज दिला की, प्रलयापूर्वी सरोवर आजच्यापेक्षा सुमारे ३० मीटरच खाली होते, आणि पाणी चढले असल्यास ते पाच-दहा मीटर चढले असावे. म्हणजे एकाच पाण्याविषयी कोणी महाप्रलय म्हणतो, कोणी साधी भरती म्हणतो, कोणी काहीच घडले नाही म्हणतो. हे सारे प्रामाणिक व विद्वान लोक आहेत. प्रत्येकाचा पुरावा निराळ्या जागचा आहे, एवढेच. एका शिंपल्यावर साऱ्या समुद्राची कथा उभारता येत नाही, हे या वादाचे सार.

खंबायतचे लाकूड

आता आपल्या शेजारच्या आखाताकडे वळू. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने ध्वनिलहरींच्या साह्याने खंबायतच्या आखाताचा तळ तपासला, तेव्हा वीस ते चाळीस मीटर खोलीवर सरळ रेषांत व चौकोनांत मांडल्यासारख्या आकृती दिसल्या. तळातून उपसलेल्या मालात दगड, मण्यांसारख्या वस्तू, खापरांसारखे तुकडे व एक लाकडाचा तुकडा मिळाला. त्या लाकडाचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले. १९ मे २००१ रोजी आणि पुन्हा जानेवारी २००२ मध्ये केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी ही वार्ता जाहीर केली, आणि हडप्पापेक्षा कित्येक हजार वर्षांनी जुने नगर सापडल्याचा बोलबाला झाला.

पुरातत्त्वज्ञांनी लागलीच आक्षेप घेतले. पहिला असा की, या वस्तू थराथराने खोदून काढलेल्या नाहीत, तळ खरवडून वर आणलेल्या आहेत. कोणती वस्तू कशाशेजारी होती, हे त्यामुळे कळत नाही. दुसरा असा की, त्या आखातात नर्मदा, तापी, मही व साबरमती येऊन मिळतात, आणि तेथील भरती-ओहोटी भारतात सर्वांत उग्र आहे. नदीने आणलेला ओंडका तेथे कोठूनही येऊन कोठेही रुतू शकतो. लाकडाचे वय खरे मानले, तरी ते झाड केव्हा मेले एवढेच त्यावरून कळते. जवळच्या दगडांची भिंत कोणी व केव्हा रचली, ती भिंत तरी आहे की ध्वनिचित्रातील भास आहे, हे कळत नाही. खापरे म्हणून दाखविलेले तुकडे खरोखर मडक्यांचेच आहेत काय, यावरही मतभेद झाला.

येथे एक योग पाहण्यासारखा आहे. गोव्याच्या आलेखावर वीस ते चाळीस मीटर ही खोली ठेवली, तर तेवढी भूमी सुमारे आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी बुडाली असावी असे दिसते. आणि लाकूडही जवळपास तेवढेच जुने. तरुण मंडळींस हा मोठा पुरावा वाटतो. परंतु त्या आखाताचा तळ भरतीच्या ओघाने सदैव खणला व भरला जातो, आणि तो प्रदेश भूकंपांनी खचणाराही आहे. आजची खोली म्हणजे तेव्हाची उंची, असे तेथे धरता येत नाही. जुळणारे आकडे म्हणजे पुरावा नव्हे. ते फार तर पुढील शोधास निमंत्रण होय.

मुंबईची उभी झाडे

याच्याशी ताडून पाहण्याजोगी एक गोष्ट आपल्या दक्षिणेस, मुंबईत घडली होती. १८७५ ते १८८० या काळात तेथे प्रिन्सेस डॉकचे काम चालू असता, भरतीच्या पातळीखाली पुष्कळ खोल, चिखलाच्या थराखाली, एक जंगलच लागले. साडेतीनशेहून अधिक झाडे मिळाली व त्यांपैकी निम्म्याहून अधिक उभी होती. मुळे खालच्या जमिनीत रोवलेली. झाडे खैराची होती. आपणांपैकी प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे की, तिवर खाऱ्या चिखलात वाढते, खैर तेथे जगत नाही. त्यास कोरडी जमीन लागते. तेव्हा ती जागा एके काळी जमीन होती आणि पुढे दर्याखाली गेली, याविषयी शंका उरत नाही. जमीन खचली की पाणी चढले, हा वाद राहतो. आणि झाडांचे वय मोजण्याचे साधन त्या काळी कोणापाशी नव्हते.

ज्ञातिबांधवहो, आमच्या बोलण्याचा मथितार्थ या दोन लाकडांत आहे. खंबायतच्या लाकडास वय आहे, पण जागा नाही. मुंबईच्या झाडांस जागा होती, पण वय मोजले गेले नव्हते. प्रलयाचा काळ सांगावयास दोन्ही एकत्र लागतात. वाहून आलेल्या लाकडावर वंशावळ उभारू नये. उभे झाड सापडले तर त्यास मात्र मान द्यावा.

हळूहळू, पण प्रलयच

आता जुन्या मंडळींस थोडे सांगावयाचे आहे. दर्या वर्षास दोनच सेंटिमीटर चढला असेल, तर त्यास प्रलय का म्हणावे, असे त्यांस वाटेल. साधा हिशेब करून पाहू. आपल्यासमोरचा सागरतळ तीनशे किलोमीटरांत सुमारे शंभर मीटर उतरतो, म्हणजे उतार तीन हजारांस एक. पाणी दोन सेंटिमीटर वर आले की ते आडवे साठ मीटर आत येते. पंचवीस वर्षांच्या एका पिढीत दीड किलोमीटर, म्हणजे अर्धा कोस. हा सरासरीचा हिशेब आहे. कोठे उतार अधिक, कोठे कमी. तरी माहीमच्या वाळूवर उभे राहून अर्धा कोस आत नजर टाकावी. पानवेलींची मांडवे, केळीच्या बागा, विहिरी, देवळे, बाजार, सारे त्या अर्ध्या कोसात येते. बापाने लावलेली वाडी मुलाच्या हयातीत दर्यात जावी, आणि मुलाने आत सरकून केलेली वस्ती नातवाने सोडावी, असे शंभर-सव्वाशे पिढ्या चालले असेल. शास्त्राच्या मापाने ते सावकाश. माणसाच्या मापाने तो प्रलयच. शतपथ ब्राह्मणातील मनु व मत्स्य यांची कथा असल्या स्मृतीतून आली की नाही, हे कोणीही सिद्ध केलेले नाही. पण अशा किनाऱ्यावरील लोकांस पाणी विसरता आले नसेल, एवढे मानावयास हरकत नाही.

म्हणून बखरीच्या पलीकडे पाहूच नये, हेही आम्हांस मान्य नाही. आपली वाडी ज्या जमिनीवर उभी आहे, तिचा इतिहास बखरीहून फार जुना आहे व तो जाणणे हा आपला अधिकार आहे. परंतु जमिनीचा इतिहास व ज्ञातीचा इतिहास यांत गल्लत करू नये. शके १०६० म्हणजे इ. स. ११३८. ते लाकूड आणि बिंबाचे आगमन यांच्यामध्ये साडेआठ हजार वर्षे, म्हणजे तीनशेहून अधिक पिढ्या जातात. त्या पिढ्यांत किती लोक आले, गेले व मिसळले, याची नोंद कोठेही नाही. कुळे, आडनावे व ज्ञाती या सर्व गोष्टी फार पुढच्या. त्या बुडालेल्या भूमीवर जे लोक राहत होते, ते या किनाऱ्यावरील साऱ्यांचेच पूर्ववासी. मांगेल्यांचे, वारल्यांचे, कोळ्यांचे आणि आपलेही. त्यांच्यावर एका ज्ञातीने नाव घालणे योग्य नव्हे.

आमची सूचना

तेव्हा आमची सूचना अशी की, पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आपल्या किनाऱ्याचा इतिहास अवश्य लिहावा: दर्या खाली होता, तो चढला, कोणत्या संस्थेने काय मोजले, आणि कोणत्या गोष्टींवर वाद चालू आहे. खंबायतची वार्ता वार्ता म्हणूनच द्यावी व आक्षेपही द्यावेत. ज्ञातीचा इतिहास दुसऱ्या प्रकरणापासून, बखर व कागदपत्रे यांच्या आधारे सुरू करावा. आपण प्राचीन नसलो तर लहान ठरतो, ही समजूत सोडून द्यावी. ज्यांनी खाऱ्या वाऱ्यावर पानवेल फुलविली, त्यांस उसन्या नगराची गरज नाही.

दुसरी गोष्ट प्रत्येक कुटुंबाने करावयाची. आपल्या वाडीत विहीर किंवा घराचा पाया खोदताना कित्येकदा काळा चिखल, शिंपल्यांचा थर, कुजलेली मुळे लागतात, आणि आपण ती फेकून देतो. यापुढे तसे करू नये. जमिनीपासून किती फूट खाली काय लागले, ते लिहून छायाचित्र घ्यावे. शिंपल्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतील, तर तो जेथे जगला तेथेच मेला असण्याचा संभव असतो. सुटी झडप वाहूनही येते. मुळे असल्यास ती आत गेलेली आहेत की आडवी पडलेली, हे पाहावे. नमुना उघड्या हाताने फार न हाताळता स्वच्छ ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून ठेवावा, कागदात वा कापसात नव्हे, आणि भूशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयास किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजास कळवावे. एका विहिरीने काळ ठरणार नाही. पण केळव्यापासून तारापुरापर्यंतच्या पन्नास विहिरींची नोंद एकत्र झाली, तर तज्ज्ञांस ती खचित उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट मोठ्या कामांची. वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसविण्यात आली, आणि त्यासाठी सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरावयाचा आहे. त्या बंदराविषयी आपल्यांत व शेजारच्या गावांत तीव्र मते आहेत. त्या वादाचे हे स्थळ नव्हे. परंतु दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारच्या इंजिनियरांनी चिखलात सापडलेल्या झाडांची मोजदाद ठेवली, एवढी दक्षता आजही घेतली जावी, अशी मागणी सर्व पक्षांस मिळून करता येईल. खोदाईत उभे झाड लागले आणि ते कोणी न पाहता भरावात गेले, तर या किनाऱ्याच्या कालनिर्णयाचा पुरावाच आपल्या डोळ्यांदेखत बुडेल. तशा ठरावाचा मसुदा आम्ही कार्यकारी मंडळाकडे सादर केला आहे. आजच्या सभेने त्यास संमती द्यावी, अशी विनंती आहे.